खरं

आमच्याकडे 'पण' म्हणत नाहीत.
'खरं' म्हणतात.
येणार होतो, खरं बस चुकली.
चहा गार झालाय, खरं पी.
पहिल्याच आठवड्यात, पुण्याच्या मीटिंगमध्ये
प्रज्ञेश हसला होता, माईक बंद न करता:
"अरे, तू सारखं ट्रू ट्रू काय म्हणतोस?"

तिसऱ्या रेल्वे गेटापाशी, बेकरीच्या वर आमचं ऑफिस.
खाली खारी भाजतात,
वर आम्ही पेन्शनच्या याद्या चाळतो.
नाव सांगितलेलं मराठीत, फॉर्म भरलेला कन्नडात,
साठवलेलं इंग्रजीत.
एवढ्या प्रवासात भरमाचा बरमा होतो,
सुळगेकरांचा ळ वाटेत कुठेतरी सांडतो.

दोन नावं किती सारखी, हे सांगणारं फंक्शन माझं.
पंच्याऐंशीच्या वर गेलं
की माणूस एकच. डुप्लिकेट: ट्रू.
पंच्याऐंशीच का, हे कुणी विचारलं नाही.
गुरुवारची रात्र होती.
ऐंशीवर यादी भलतीच आखडत होती,
नव्वदवर क्लायंटला बचत दिसत नव्हती.

शेवंता भरमा सुळगेकर.
शेवंता बरमाणी सुळगेकर.
गाव एक. जन्मतारीखही एक,
कारण दोघींचीही कुणाला ठाऊक नव्हती
आणि कारकुनानं दोघींना एक जानेवारी देऊन टाकली.
गुण अठ्ठ्याऐंशी.
मार्चात एकीचे पैसे आले.

"एज केस," प्रज्ञेश म्हणाला,
"शून्य पूर्णांक चार टक्के. सोड."
एज म्हणजे कड.
पेपरवाले ज्याला सीमाभाग म्हणतात
तिथल्या खुर्चीत बसून मी ऐकत होतो
की कडेची माणसं हिशेबात धरायची नसतात.
मी "बरं" म्हणालो.
हेही लिहून ठेवलं पाहिजे.

उद्यमबागेत तवनाप्पा काका कास्टिंग तपासतात.
हातोडी हळूच मारायची, कान द्यायचा.
बद्द वाजलं की बाजूला,
वरून कितीही गुळगुळीत असो.
प्रत्येक नगावर हीट नंबर ठोकलेला,
उद्या कुठे काही तडकलंच
तर कुठल्या दिवशीचं, कुणाच्या पाळीतलं ओतकाम, ते उकलतं.
मी विचारलं, हजारात चार बद्द चालतात काय?
त्यांनी चष्मा वर केला.
"चालतात म्हंजे? कुणाच्या पंपात?"

शनिवारी बेकिनकेरेला गेलो.
पैसे न आलेली शेवंता
रताळ्यांची माती झाडत बसली होती,
आलेली तिच्या शेजारी, निवडायला.
मार्चापासून दोघी एकीच्याच पैशात भागवत होत्या,
हे मला तिसऱ्याच बाईनं सांगितलं.
मी म्हणालो, कॉम्प्युटरात तुम्ही दोघी एकच आहात.
दोघी एकमेकींकडे बघून आधी हसल्या.
मग पहिली म्हणाली,
"ती मी न्हवं गा.
खरं, ती बी खरीच हाय."

परतीच्या बसमध्ये हे वाक्य
मी कोडमध्ये मांडून बघितलं.
सुळग्यापर्यंत मांडत होतो. जमलं नाही.

सोमवारी तिकीट उघडलं.
जेवणाच्या सुट्टीनंतर बघतो तर बंद:
ठरल्याप्रमाणे चालत आहे.
परत उघडलं.
कारणाच्या रकान्यात लिहिलं, खरं.
रकाना म्हणाला, किमान वीस अक्षरं हवीत.
मग दोघींची नावं लिहिली,
पूर्ण, भ चा भ ठेवून, ळ चा ळ,
आणि खाली, कुणी न मागता, माझं,
तारीख, वेळ, त्या गुरुवारचीसुद्धा.

पिशवीभर रताळी दिली होती त्यांनी.
टेबलाखाली आहेत अजून.
एकाला मोड आलाय.